अंगठ्याची जखम, पण कशाची?

मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झाला, की गडचिरोलीकडच्या आमच्या दवाखान्यात पायाच्या बोटांच्या जखमा घेऊन माणसं येऊ लागतात. जुलैत रोवणीच्या चिखलातून आलेल्या. रेकॉर्ड विभागात त्यांच्या केसपेपरवरून मी कोड टाकतो. निदानाच्या रकान्यात पुष्कळदा एवढंच असतं: ‘जखम, पाय’.

यावरून कोड काय टाकणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या रोगवर्गीकरणात बोटाच्या उघड्या जखमेत नख शाबूत असेल तर एस ९१.१, नखाला इजा असेल तर एस ९१.२. कुऱ्हाड निसटून नख फुटलेल्या माणसाचं काम इथेच संपतं.

अवघड असते ती न दुखणारी जखम. “काटा केव्हा रुतला, समजलंच नाही जी,” एक आजी सांगत होत्या. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. आजी गप्पच. कोपरामागची नस हाताला जाड लागली. मग कळलं, कुष्ठरोगाची औषधं त्यांनी पूर्वीच पुरी केली होती. अंगठ्याखालचा व्रण त्या बधिरपणातून आलेला. म्हणजे बी ९२, रोगानंतर उरलेले परिणाम. रोग चालू असता तर ए ३०. एस ९१ टाकलं असतं तर नोंदीत आजी काटा रुतलेल्या ठरल्या असत्या, आणि त्यांना खरी गरज होती मऊ रबराच्या एमसीआर चपलांची. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात बाबा आमटे यांनी १९४९मध्ये कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभारलं, या मुलखात तरी बधिर पाय काट्याच्या नावावर खपू नये.

मधुमेहाचा व्रणही असाच फसवतो. प्रकार दोनच्या मधुमेहात तो ई ११.५ मध्ये जातो. अमेरिकी आवृत्तीत ई ११.६२१, जोडीला एल ९७.५ची मालिका.

मण्यारीच्या दंशाची तर बोटावर खूणही धड दिसत नाही. तिथे टी ६३.०, सोबत एक्स २० आणि पुढे जागेचा आकडा: घर ०, शेत ७. जंगलाला स्वतंत्र आकडा नाही, ते ८ म्हणजे ‘इतर ठिकाणे’ यात मोडतं. रानावर जगणाऱ्या मुलखात रानच ‘इतर’!

एस ९१.१ आणि एस ९१.२ यांत डावं-उजवं नाही, अंगठा की करंगळी हेही नाही. तेव्हा डॉक्टरांना विनंती: कोणतं बोट, नख कसं आहे, स्पर्श कळतो का, साखर किती, लागलं कशानं, एवढं केसपेपरवर लिहा. कोड आम्ही शोधू.