पन्हाळ्यावरची आर्या

कोल्हापूरहून पन्हाळा अवघा वीस किलोमीटर. म्हणूनच बहुधा आम्हां चौघा मित्रांना एकत्र जायला वीस वर्षे लागली! तीन दरवाजा झाला, गंगा, यमुना, सरस्वती ही प्रचंड धान्यकोठारे झाली. १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा आमचे वकीलमित्र रंगवून सांगत होते. पण महाराजांच्या वेषात मरणाच्या पालखीत बसलेल्या शिवा काशिदापाशी त्यांचा आवाज अडखळला. कुणी बोलेना. मग मीच म्हणालो, “मोरोपंतांचा जन्म इथलाच, १७२९ चा.”

“मग म्हणा की एखादी आर्या!”

वर्षानुवर्षे वर्गात मोरोपंत शिकवतोय. ऐन वेळी एक ओळ आठवेल तर शपथ! झुणकाभाकर विकणारी म्हातारी माझ्याकडे बघत होती.

“मास्तर, आधी भाकरी खावा. मग आठवंल.”