बी.एस्सी.नंतर कोणाला भेटायचं?

चार्ल्स नदीच्या या काठावर बॉस्टन, त्या काठावर केंब्रिज. तिथल्या केंडल स्क्वेअरमध्ये आज औषध आणि जैवतंत्रज्ञान कंपन्यांची जेवढी दाटी आहे तेवढी जगात क्वचितच कुठे असेल. पूर्वी हा सगळा कारखान्यांचा भाग होता. साबण, रबरी नळ्या, गोळ्या-चॉकलेटं असलं काहीबाही इथे बनायचं. मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यूवरच्या ज्या इमारतीत नेक्को कंपनी गोळ्या बनवायची, तिथे पुढे नोव्हार्टिसच्या प्रयोगशाळा आल्या. १९७०च्या दशकात जनुकं जोडण्याच्या प्रयोगांवरून या गावात मोठा वाद पेटला होता. मग सामान्य नागरिकांची समिती बसली, तिनं शास्त्रज्ञांना प्रश्न विचारले, आणि १९७७ साली केंब्रिजनं या प्रयोगांसाठी स्वतःचे नियम केले. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. नियम स्पष्ट झाले तशा कंपन्याही येत गेल्या.

सोलापुरात, जुन्या गिरणीच्या भोंग्याच्या आठवणी सांगणाऱ्या घरात मी वाढले. १८७७ साली सुरू झालेली ती गिरणी आणि तिच्यामागून आलेल्या बाकीच्या गिरण्या बंद पडल्यावर सोलापूरनं काय करायचं, हा प्रश्न आमच्या घरात जेवताना रोज निघायचा. त्यामुळे केंडल स्क्वेअरमधून चालताना एका उद्योगाच्या जागी दुसरा उद्योग कसा उभा राहतो, त्यात कोणाकोणाला शिरता येतं आणि शिरायचं दार त्यांना कोण दाखवतं, हे मी फार बारकाईनं बघत आले आहे.

हे दार दाखवण्याचं काम इथली कॉलेजं चक्क विषय म्हणून शिकवतात. मी इथे आले ती अवलंबितांच्या एच-फोर व्हिसावर. त्यावर नोकरी करता येत नव्हती, ती वर्षं मुलांच्या शाळा आणि मराठी मंडळाच्या गणपतीत गेली. पुढे ग्रीन कार्ड आलं, मुलं मोठी झाली, आणि सोलापुरातली माझी सूक्ष्मजीवशास्त्राची बी.एस्सी. घेऊन मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात गेले. तिथल्या सल्लागार बाईंनी प्रयोगशाळेच्या कोर्सआधी एक छोटा, एका क्रेडिटचा वर्ग घ्यायला सांगितलं: जीवविज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी करिअरची ओळख. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी. वर्गात एकोणीस-वीस वर्षांची मुलं, हैतीहून आलेली एक नर्स, केप व्हर्दी बेटांवरून आलेला, दिवसा गोदामात काम करणारा एक तरुण, डॉर्चेस्टरमधली एक व्हिएतनामी मुलगी, आणि मी.

पहिल्या दिवशी शिक्षिकेनं विचारलं, ‘‘जीवशास्त्र शिकलेली माणसं काय काय काम करतात?’’ फळ्यावर डॉक्टर, नर्स, शिक्षक, शास्त्रज्ञ एवढं लिहून झालं आणि वर्ग गप्प बसला. सोलापुरातही हेच झालं असतं, फक्त नर्सच्या जागी ‘लॅबवाला’ आणि ‘एमआर’ आले असते. त्या बाई स्वतः अनेक वर्षं पेशींवर प्रयोग करून मग शिकवण्याकडे वळलेल्या. त्यांनी यादी पुढे नेली नाही. ती आम्हीच माणसांना भेटून पूर्ण करायची, हाच त्या वर्गाचा अभ्यास होता.

भेटायची रीत ठरलेली होती. ओळखदेख नसलेल्या माणसाला चार ओळींची ईमेल लिहायची, वीस मिनिटं मागायची, आणि नोकरीचा विषय काढायचा नाही. विचारायचं ते कामाबद्दल. कालचा दिवस कसा गेला? या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं काय? इथवर कसे पोचलात, मध्ये काय सोडावं लागलं? आणि शेवटी, मी आणखी कोणाला भेटावं? भेट झाली की दुसऱ्या दिवशी आभाराची चिठ्ठी.

कंटाळवाण्या भागाबद्दलचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला. औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीचं काम करणाऱ्या एका बाईंनी सांगितलं, ‘‘माझा निम्मा दिवस नोंदी लिहिण्यात जातो. जे लिहिलेलं नाही ते केलेलंच नाही, असं आमच्याकडे धरतात.’’ ते ऐकून वर्गातली दोन मुलं लगेच म्हणाली, हे आपलं काम नव्हे. हैतीच्या नर्सबाई मात्र खुलल्या. त्यांना नीटनेटकेपणाचीच आवड होती. नोकरीच्या जाहिरातीतून हे कधीच कळत नाही. काम करणाऱ्याच्या तोंडून ते वीस मिनिटांत कळतं.

अमेरिकेतही काम आधी जाणून घेण्याचं हे शहाणपण उशिरा आलं. इथे पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकानं प्राध्यापकच व्हायचं, असं वर्षानुवर्षं गृहीत धरलं होतं. २०१२ साली राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या, एका समितीनं जैववैद्यकीय क्षेत्रातल्या मनुष्यबळाचा अहवाल दिला, आणि पीएच.डी. झालेल्यांपैकी जेमतेम चौथा हिस्साच विद्यापीठातल्या कायम जागांकडे जातो हे उघडपणे मांडलं गेलं. पुढच्या दोन वर्षांत एनआयएचनं १७ संस्थांना ‘बेस्ट’ नावाच्या योजनेतून पैसे दिले, ते संशोधक विद्यार्थ्यांना इतर वाटा दाखवण्यासाठी. ‘सायन्स’ नियतकालिकाच्या मंडळींनी त्याच सुमारास ‘माय-आयडीपी’ हे स्वतःची कौशल्यं, आवडी आणि मूल्यं तपासण्याचं मोफत साधन काढलं. आम्हीही वर्गात ते भरलं. पदवीच्याही आधीच्या मुलांना हे मिळू लागलं आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चुकीच्या वाटेवर दहा वर्षं घालवण्याआधी ते हाती येतं.

वर्गात बोलायला येणाऱ्या पाहुण्यांमध्ये एकदा पेटंट एजंट आला. इथे वकिलीची पदवी नसतानाही विज्ञानाच्या पदवीवर पेटंट कार्यालयाची परीक्षा देता येते. घरी येऊन भारताचा १९७०चा पेटंट कायदा उघडला, तर तिथेही तेच. एकवीस वर्षं पूर्ण, भारतीय नागरिकत्व, मान्यताप्राप्त विद्यापीठाची विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी, आणि परीक्षा उत्तीर्ण. म्हणजे सोलापूर विद्यापीठाची बी.एस्सी. झालेली मुलगी त्या परीक्षेला बसू शकते. किती प्राध्यापकांनी हे वर्गात सांगितलं असेल?

मला सगळ्यात जास्त हेलावून टाकलं ते सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्या एका पाहुण्या बाईंनी. मोठ्या चाचण्या कशा होतात हे समजावताना त्यांनी पडद्यावर एक शोधनिबंध लावला. बॉस्टनमधूनच निघणाऱ्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एप्रिल २००९मध्ये छापलेला. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, खेड्यांमधल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. चार गट: एकात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप चाचणी, तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी, चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था. निष्कर्ष असा की आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. लेखकांच्या यादीत दुसरं नाव डॉ. भगवान नेने. खाली संस्था: नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, बार्शी.

बार्शी! सोलापूरहून एसटीनं दोन तासांवरचं, भगवंताच्या देवळाचं बार्शी. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली तिथेच सुरू झाली. गावागावांतून कर्करोगाचे रुग्ण शोधून त्यांची शिस्तीनं नोंद ठेवणं, हे काम तिथे तेव्हापासून चालू आहे. मी हात वर करून वर्गाला सांगितलं की हे गाव माझ्या जिल्ह्यात आहे. पाहुण्या बाईंनी मला पुढे बोलावलं आणि नकाशावर दाखवायला लावलं. जगभरातली तपासणीची धोरणं ज्या अभ्यासांच्या आधारे बदलली त्यांत हा अभ्यास गणला जातो, असं त्या म्हणाल्या. त्या रात्री मला झोप लागेना. एवढ्या मोठ्या कामात किती जण गुंतले असतील! दारोदार जाऊन बायकांना समजावणाऱ्या, नमुने तपासणारे, नोंदी जुळवणारे, आकडेमोड करणारे. जीवशास्त्र शिकलेल्या मुलामुलींना शोभतील अशी ही कामं आहेत. सोलापुरात तीन वर्षं जीवविज्ञान शिकताना आमच्या वर्गात बार्शीचं नाव एकदाही निघालं नाही.

याला कारण आहे. आपल्याकडे जीवशास्त्र घेणारा प्रत्येक जण डॉक्टर होण्याच्या रांगेत उभा आहे असं समजलं जातं. ज्या शहरात १९१० साली डॉ. द्वारकानाथ कोटणीस जन्मले, त्या शहराला डॉक्टरकीचा अभिमान असणं योग्यच आहे. पण मग ‘मेडिकल हुकलं म्हणून बी.एस्सी. घेतली’ हे वाक्य पोरीच्या पाठीला चिकटतं ते कायमचं. नातेवाईक तिच्यासमोरच ते बोलतात. त्यानंतर तीन दारं: बी.एड., लॅब तंत्रज्ञांची डीएमएलटी, नाहीतर स्पर्धा परीक्षा. तिन्ही चांगली. पण चौथं दार असतं हेच माहीत नसताना केलेली निवड खरी निवड कशी म्हणायची?

कमल रणदिवे यांची गोष्ट मी त्या वर्गात सांगितली. १९१७ साली पुण्यात जन्मलेली मुलगी. तिनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं अशी वडिलांची इच्छा. वडील दिनकर समर्थ स्वतः फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. मुलीनं वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं, सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर एम.एस्सी.चा अभ्यास केला, गणितज्ञ जयसिंग रणदिवे यांच्याशी लग्न केलं, आणि मुंबईत विकृतिशास्त्रज्ञ डॉ. खानोलकरांकडे जाऊन कर्करोगावर काम सुरू केलं. पुढे त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला राहून आल्या, परतल्या, मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, आणि १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला. सीताफळाच्या गुणसूत्रांकडून कर्करोगाच्या पेशींकडे! ही वाट कुठल्याही समुपदेशनाच्या तक्त्यात सापडणार नाही. ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात तयार झाली.

माझी भाची सध्या सोलापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. रविवारी फोन येतो आणि दहा मिनिटांत प्रश्न ठरलेला: ‘‘मावशी, पुढं काय करू गं?’’ मी तिला सल्ला देणं बंद केलं आणि इथला गृहपाठ दिला. दर महिन्याला एका माणसाला भेट. कोणाला, हे मी शोधायला बसले तेव्हा माझ्याच जिल्ह्यानं मला चकित केलं.

केगावला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५पासून. डाळिंबाच्या बागाच्या बागा उद्ध्वस्त करणारा तेल्या हा झँथोमोनास जिवाणूचा रोग. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकात ते नाव येतं, मुलं ते पाठ करतात, आणि त्या जिवाणूवर काम करणारी माणसं शहराच्या वेशीवर बसलेली असतात. मोहोळच्या संशोधन केंद्रातून १९३०च्या दशकात मालदांडी ३५-१ हा ज्वारीचा वाण निवडला गेला, आणि आजही रब्बीच्या ज्वारीत त्याचं नाव पहिलं घेतात. नान्नजला माळढोक अभयारण्य आहे आणि त्याच नान्नजमध्ये नानासाहेब काळे यांनी द्राक्षाचे नवे वाण निवडून काढले. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्यात नवनाथ कसपटे यांनी सीताफळाचा एनएमके-१ गोल्डन विकसित केला. जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, त्यांतल्या अनेकांना जोडून आसवनी, म्हणजे यीस्टचं काम चोवीस तास. औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने आहेत, त्यांना गुणवत्ता तपासणीला माणसं लागतात. शहरात १९६३ साली सुरू झालेलं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथल्या प्रयोगशाळा आहेत.

असा एक क्रेडिटचा वर्ग सोलापूरच्या एखाद्या कॉलेजनं सुरू करावा, असं मला मनापासून वाटतं. नव्या शैक्षणिक धोरणात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणाची चार क्रेडिटं आलीच आहेत. पण तिथे पाठवण्याआधी कुठे जायचं हे मुलाला ठरवता यायला हवं, नाहीतर ओळखीच्या लॅबमधून सही-शिक्का आणण्यावर ते संपेल. इमारत नको, उपकरणं नकोत. विद्यार्थ्याला अनोळखी माणसाशी बोलायला शिकवणारा एक शिक्षक हवा, आणि बोलायला तयार असलेली माणसं हवीत. इंग्रजीची भीती हे मोठं कारण सांगितलं जातं. तर मग पहिल्या भेटी मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत होऊ द्या. सोलापूरला या भाषा कुणी शिकवाव्या लागत नाहीत.

भाची पहिल्यांदा गेली ती केगावला. आईला वाटत होतं, आत कोण सोडतंय. पण ईमेलला उत्तर आलं, वेळ मिळाली, आणि तिथल्या एका तंत्रज्ञांनी तिला पाऊण तास दिला. कंटाळवाणं काय, असं विचारल्यावर ते म्हणाले, ‘‘उन्हाळ्यात बागेतनं पानं गोळा करायची, हजार पानं, प्रत्येकावर चिठ्ठी.’’ मला फोनवर सांगताना तिचा आवाज चढला होता: ‘‘मावशी, मला ते कंटाळवाणं वाटलंच नाही!’’ शेवटचा प्रश्नही ती विसरली नव्हती. त्यांनी तिला मोहोळचं एक नाव दिलं आहे.

इथल्या मराठी मंडळींना मी हे सांगितलं, तेव्हा औषधांच्या नियमनात काम करणारी एक नागपूरची मैत्रीण, क्लिनिकल चाचण्यांची आकडेवारी बघणारे एक सांगलीचे काका आणि जनुकीय समुपदेशनाचा अभ्यासक्रम करणारी, इथेच वाढलेली एक मुलगी, असे तिघं सोलापुरातल्या मुलांशी बोलायला तयार झाले. शनिवारी सकाळी आमचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात सोलापुरात साडेसहा झालेले असतात आणि हिवाळ्यात साडेसात. दोन्ही वेळा कॉलेज सुटल्यानंतरच्या आहेत. मुलांनी प्रश्न मराठीत आणावेत, आणि कंटाळवाण्या भागाचा प्रश्न आधी विचारावा.