अर्धी वाकळ

वहिनीने आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला लावलं, मग चहा दिला.

दादाकडे रंगकाम निघालं होतं म्हणून माळ्यावरची आईची ट्रंक खाली उतरवली होती. तळाशी एक गाठोडं होतं, डांबरगोळ्यांच्या वासाने नाक झोंबवणारं. मी गाठ सोडून आत हात घातला आणि तर्जनीत सुई घुसली. गोधडीची जाड सुई, गंजून काळी पडलेली. आई जाऊन वर्ष उलटलं, पण सुई जागी होती. "आईंनी काय काय जपून ठेवलंय," वहिनी म्हणाली. माझं लक्ष मात्र दोऱ्याकडे होतं. तो सुईभोवती आठच्या आकड्यात गुंडाळलेला होता.

कामावरून उठावं लागलं की आई सुई कापडात आडवी खोचायची आणि उरलेला दोरा तिच्या दोन्ही टोकांभोवती आठ काढत गुंडाळायची. म्हणजे पोरांच्या पायात येऊ नये, आणि परत बसल्यावर एका झटक्यात सुटावा. काम संपलं असेल तर गाठ, दातांनी दोरा तोडणं आणि सुई डबीत. हा आठचा आकडा घातलेला मला आठवतो. नक्की तोच. संध्याकाळ होती, दारातून कुणीतरी हाक मारली, तिने दोरा गुंडाळला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि गेली. हाक कुणाची होती ते मात्र आठवत नाही.

गाठोड्यातली वाकळ आमच्या लालबागच्या खोलीतली. अण्णा गिरणीत साचेखात्यात होते. ताग्याच्या शेवटाला उरलेले, डाग पडलेले, वीण चुकलेले तुकडे, म्हणजे फेंट, कामगारांना स्वस्तात मिळायचे. मांजरपाट, पॉपलिन, लेंग्याच्या पट्ट्या, शर्टाच्या बारीक चौकटी. आई ते रंगांप्रमाणे लावून ठेवायची. सर्वांत आत गावाकडची जुनी धोतरं, त्यावर आजीचं हिरवं इरकली लुगडं, आणि वर फेंटाचे तुकडे. आधी सगळी ठिगळं जोडून घेऊन मग टाके घालायचे, अशी तिची पद्धत नव्हती. कडेपासून एकेक तुकडा मांडत, कड आत दुमडत, धावदोऱ्याने थरांसकट शिवत ती आत सरकायची. मी गाठोड्यातून काढली तेव्हा चहूबाजूंनी हातभर वाकळ भरून झालेली होती, आणि मधोमध आजीचं लुगडं उघडं होतं.

दहा बाय बाराच्या खोलीत वाकळ शिवायची म्हणजे सगळी जमीन लागते. तीन कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि पाण्याची कळशी, चौथ्यावर मी. मला हलायची परवानगी नव्हती. हे सगळं व्हायचं ते अण्णा रातपाळीला गेल्यावर, किंवा पहिल्या पाळीला असले तर दुपारपर्यंत. आमच्या घरात शिवणाचं वेळापत्रक गिरणीच्या भोंग्यावर चालायचं.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. गिरणगावावरच्या पुस्तकांत तो असा येतो: अडीच लाखांच्या आसपास कामगार, दत्ता सामंतांचं नेतृत्व, पगारवाढ आणि बोनसची मागणी, आणि 1946 च्या त्या कायद्याला विरोध, ज्यामुळे मालकांशी बोलण्याचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनकडे होता. हे सगळं बरोबर आहे. पण आमच्या घरात संपाने सर्वांत आधी काय बंद केलं, तर जमीन. अण्णा दिवसभर घरी. भिंतीकडे तोंड करून जमिनीवर पडलेले. त्यांना "जरा उठा, मला वाकळ पसरायचीय" असं आई कसं म्हणणार? त्या दिवसांत तर मुळीच नाही.

मग फेंट यायचे थांबले, कारण साचे थांबले होते. आणि पुढे आईचे हातही मोकळे राहिले नाहीत. गिरणगावात खानावळवाल्या बायका होत्याच. त्यातल्या एकीकडे ती पोळ्या लाटायला जाऊ लागली. उन्हाळ्यात चाळीतली अर्धी बिऱ्हाडं गावी गेली. आम्हीही पाटणकडे गेलो, शाळा सुरू होताना परत आलो. ज्या हातांना बाहेर चार पैसे मिळतात त्यांनी घरात फुकटचे टाके घालत बसणं तिला परवडणारं नव्हतं. पण तिने सुई काढून घेतली नाही, डबीत ठेवली नाही. जाड सुई आमच्याकडे एकच होती. नंतर कुणाच्या चपलेला टाका घालायचा झाला तर ती शेजारून मागून आणायची. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

इथे माझा एक जुना राग सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्याच वर्षी मी सातवीत होते. शिवणाच्या तासाला मॅटीवर भरतकाम होतं. मी मोर घेतला होता. पाय, मान, तुरा सगळं झालं, पिसाऱ्यातले तीन डोळे भरायचे राहिले आणि निळी लडी संपली. दुकानातून लडी आणण्याइतके पैसे घरात असतील, पण मागायचे कसे? मी मोर तसाच नेला. बाईंनी तो हातात घेऊन आधी पालथा केला. "सुलट काय, सगळ्याच दाखवतात," म्हणाल्या. मागच्या गाठी, एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत ओढलेले लांब धागे, सगळं वर्गाला दाखवलं. मग सोबतच्या कागदावर लाल शाईत लिहिलं: अपूर्ण.

बाई आता हयात नसतील. माझा राग आहे. उलट बाजू बघणाऱ्या माणसांशी मला आजही नीट बोलता येत नाही. घरी आलेली एखादी पाहुणी सोफ्यावरचं कव्हर सहज उचलून पालथं करते, तेव्हा मी स्वयंपाकघरात निघून जाते.

त्या लाल अक्षरांनी मला पुढे वीस-पंचवीस वर्षं पुरं करण्याचं वेड लावलं. नोकरी लागली, लग्न होऊन डोंबिवलीला आले, आणि सगळं शिवणकाम लोकलच्या लेडीज डब्यात केलं. तेव्हा डब्यात मटार सोलले जायचे, भाजी निवडली जायची, क्रोशाच्या सुया चालायच्या. मुलाच्या दुपट्याचा गोट मी ठाणे ते दादर उभ्याने घातला आहे. गोट हे गोधडीतलं सर्वांत कंटाळवाणं काम, असं माझं ठाम मत आहे. रंग निवडून झालेले असतात, मांडणीचा आनंद उपभोगून झालेला असतो, आणि समोर उरतो चारही कडांचा नुसता हेम. बायकांची कामं अडतात ती बहुधा इथेच. कोपऱ्यावर तर गोट हमखास रुसतो, पट्टी दुमडून तिरकी बसवावी लागते. मी बसवायचे. कशिद्याचे टेबलक्लॉथ, काचेच्या नळ्यांचं तोरण, नणंदेच्या मुलीची खणाची कुंची: एकही वस्तू अर्धी सोडली नाही. आज त्यांतलं काय कुठे आहे, विचारू नका. तोरण तुटलं, नळ्या कामवालीच्या मुलीने खेळायला नेल्या. आईची अर्धी वाकळ मात्र जशीच्या तशी आहे. कसर नाही, वाळवी नाही.

दादाची मुलगी न्यू जर्सीत असते आणि तिथे क्विल्टिंग करते. तिला फोटो पाठवला तर लगेच व्हिडिओ कॉल. "आत्या, कुरिअर कर. लाँगआर्म मशीन आहे आमच्याकडे, शनिवारी बसले तर संध्याकाळपर्यंत करून टाकीन." मी नको म्हटलं, तर तिने मला 'लूज एंड्स'ची गोष्ट सांगितली. मेसी कॅप्लन आणि जेन सिमोनिक या दोन विणकाम करणाऱ्या मैत्रिणींनी 2022 मध्ये अमेरिकेत हे काम सुरू केलं. कुणी वारलं, कुणाचे हात चालेनासे झाले, तर मागे राहिलेला अर्धा स्वेटर, अर्धी चादर, अर्धी क्विल्ट घरच्यांनी त्यांना कळवायची. मग ते कसब येणारा एखादा अनोळखी स्वयंसेवक शोधून देतात आणि तो ती वस्तू फुकट पुरी करून घरी परत पाठवतो. हजारो माणसांनी यासाठी नावं दिली आहेत.

ऐकून मला भरून आलं आणि त्याच वेळी रागही आला. भरून आलं ते त्या अनोळखी माणसांसाठी. दुसऱ्याच्या हाताचा ताण ओळखून त्याच्या टाक्याला आपला टाका जुळवणं किती अवघड असतं, हे शिवणाऱ्यालाच कळतं. आईचा टाका तांदळाएवढा, माझा गव्हाएवढा. राग कशाचा, ते मला नीट सांगता येत नाही. बहुधा पुरं झालेलं बघून सगळ्यांना जे बरं वाटतं, त्याचा. जसीमुद्दिन यांचं 'नक्शी काँथार माठ' हे 1929 चं बंगाली कथाकाव्य आहे. त्यातली साजू परागंदा झालेल्या नवऱ्याची वाट बघत आपली सगळी कहाणी काँथ्यावर, म्हणजे गोधडीवर, भरते, आणि तो काँथा आपल्या कबरीवर पसरा असं सांगून मरते. शिवण पुरी होणं आणि बाई संपणं हे कवींना एकत्र आवडतं. माझ्या आईचं शिवण अडलं आणि ती त्यानंतर चाळीस वर्षं जगली. पोळ्या लाटल्या, आम्हाला शिकवलं, अण्णांची आजारपणं काढली, डोंबिवलीला येऊन माझ्या मुलाला सांभाळलं. त्यावर कुणी काव्य लिहिणार नाही.

वाकळ जपावी कशी, हा प्रश्न तरीही उरलाच. मधलं उघडं असलेली वाकळ वापरता येत नाही. अंगावर घेतली की थर सरकतात, आणि धुतली तर आतली धोतरं एका बाजूला गोळा होऊन बसतील. आमच्या गावी घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर जायचं. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही, दोघी दोन टोकांना धरून पिळतात, आणि मग खडकांवर दिवसभर वाळत असतं रंगीबेरंगी गाव. या वाकळेने नदी कधी पाहिलीच नाही.

मला वेगळीच गोष्ट आठवत राहिली. उत्तर कन्नडमध्ये यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या भागात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात, त्यांना कवंदी म्हणतात. त्यांचीही रीत आईसारखीच: कडेने सुरुवात, आणि फेर धरत मध्याकडे. हेन्री ड्रूअल या कलाभ्यासकाने त्यांच्यावर काम केलं आहे. कवंदी शिवून झाली तरी तिच्या चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून केलेली त्रिकोणी 'फुला' लावल्याखेरीज बायकांच्या लेखी ती नागडीच. या फुलांचा उपयोग काही नाही. ऊब देत नाहीत, थर धरत नाहीत. सगळं काम उरकल्यावर, हात दुखत असताना, बाई उगाचच्या चार गोष्टी आणखी करते. शिवणाच्या बाईंना ती दाखवायला मला आवडलं असतं. त्या पालथी करून बघणार, आणि फुलं राहणार सुलट बाजूला.

मी हे सगळं जेवताना दादाला सांगत होते. दादा बेस्टमधून निवृत्त झाला, त्याने आयुष्यात बटणदेखील लावलेलं नाही. त्याला मी त्या हाकेचं विचारलं. तो तेव्हा अठराचा होता, त्याला आठवायला हवं. तो ठामपणे म्हणाला, मोर्चाला निघालेल्या बायकांनी बोलावलं होतं. मी म्हटलं, काहीतरी सांगू नकोस, आई मोर्चाला कधी गेली? "गेली होती," तो म्हणाला. "तू लहान होतीस. तुला शेजारी ठेवलं होतं." आईने आम्हाला हे कधी सांगितलं नाही. माझा विश्वास बसत नाही. पण नाही असंही म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो वाकळ घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला. खाली बसणं आता त्याच्या गुडघ्यांना जमत नाही. कोपऱ्यांवर स्टीलचे डबे. गंजलेली सुई त्याने काढली नाही, तिच्या बाजूने नवी सुई चालवायला घेतली. वरच्या तुकड्यांसाठी कपाटातून अण्णांचा टेरिकॉटचा शर्ट काढला. मी सांगितलं, टेरिकॉट सरकतं, त्यात टाका धरत नाही, सुती घे. "अण्णांनी संपानंतर वॉचमनकी केली ती टेरिकॉट घालूनच," तो म्हणाला आणि कात्री मागितली. तासाभराने बघितलं तर बोटभर लांबीचे सात-आठ टाके पडले होते, एक वर, एक खाली, आणि एका ठिकाणी वाकळ टेबलक्लॉथसकट शिवली गेली होती.

"दादा, या वेगाने पुरी कधी होणार रे?"

दत्ता सामंतांचा 1997 साली खून झाला; 1982 चा तो संप आजपर्यंत कुणी रीतसर मागे घेतलेला नाही. दादा ही गोष्ट लग्नाकार्यात, मयतात, कुठेही सांगतो. त्याने मान वर केली नाही.

"संप मागे घेतला की," तो म्हणाला, आणि वहिनीला हाक मारून जवळचा चष्मा मागितला.