माजघरातील दिवा

घरात नवी वस्तू आली की ती कोठे ठेवावी हा प्रश्न तिच्या किमतीहून महाग पडतो, असा आमचा तीस वर्षांच्या संसाराचा अनुभव आहे. घड्याळ, रेडिओ, दूरचित्रवाणी या सर्वांवरून आमच्या घरी वाद झाले. परंतु परवा आलेल्या राउटरने जे केले ते त्यांपैकी कोणासही साधले नव्हते. त्याने आम्हाला आमचेच घर नव्याने दाखविले.

हे घर नांदेडच्या जुन्या वस्तीत आहे. भिंती दगडमातीच्या, दोन हात रुंद, वर माळवद. पुढे बैठक, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर व त्याला लागून आमच्या वृद्ध मातुःश्रींची खोली. जोडणी करणाऱ्या तरुणाने विचारले, "सर, कुठं बसवू?" आम्ही क्षणाचाही विचार न करता बैठकीतील आमच्या मेजाकडे बोट केले. आमची पुस्तके तेथे, आमची खुर्ची तेथे, येणारे-जाणारे तेथे. प्राध्यापकाच्या घरात इंटरनेटने आणखी कोठे बसावे?

आमची धाकटी बहीण लातूरला असते. तिची मुलगी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासात गढलेली. तरी रविवारी आजीचे तोंड पाहिल्याखेरीज तिचा आठवडा पुरा होत नाही. त्यासाठी आई मोबाइल घेऊन ओसरीपर्यंत येत असे. आता इंटरनेट घरातच आले म्हटल्यावर ती चष्मा लावून आपल्या खोलीतच तयारीने बसली. नातीचा चेहरा पडद्यावर उमटला, थिजला आणि नाहीसा झाला. आई बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडे पाहत राहिली.

चिरंजीवांनी यावर तत्काळ तोड काढली. बैठकीतून एक लांब तार ओढून, दोन उंबरे ओलांडीत, ती त्यांनी आजीच्या खोलीत नेली व तेथे दुसरी पेटी बसविली. अशी तार शंभर मीटरपर्यंत बिनबोभाट काम करते; दोष तारेचा नव्हता, तिच्या वाटेचा होता. तिसऱ्या दिवशी पहाटे आईचा पाय तीत अडकला. चौकट हाती लागली म्हणून ती सावरली. तार त्याच घटकेस निघाली. पण आमच्या छातीतील धडधड दिवसभर गेली नाही.

त्या रात्री आम्ही, वाङ्मयाचे अध्यापक, पदार्थविज्ञान वाचावयास बसलो. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. मग आमच्याच भिंतींना काय झाले? उत्तर साधे आहे. लहर भिंतीतून जाते, परंतु जाताना क्षीण होते. भिंत जितकी जाड व ओलसर, तितकी अधिक. राउटरच्या लहरी बहुधा दोन जातींच्या असतात. एकीची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर, दुसरीची सुमारे सहा. आखूड लहर वेगवान खरी, पण भिंतीपुढे लवकर हात टेकते. धातू तर लहरीला आल्या वाटेने परत लावतो. आमच्या मेजापासून आईच्या खाटेपर्यंत वाटेत काय होते? दोन भिंती, एक लोखंडी कपाट आणि पितळेच्या डब्यांनी व स्टीलच्या ताटांनी भरलेली मांडणी!

बहिणीच्या लातूरच्या घरात एकच पेटी साऱ्या खोल्यांना पुरते, हे आम्ही आजवर मेहुण्यांचे नशीब समजत होतो. ते घर भूकंपानंतरचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आसपासच्या गावांत दगडमातीच्या अशाच जाड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो जीव गेले. पुढे मेहुण्यांनी घर बांधले ते खांब-तुळयांचे आणि पातळ विटांच्या भिंतींचे. जाड भिंत म्हणजे निर्भय घर, ही आमच्या वाडवडिलांची समजूत त्या पहाटेने खोटी ठरविली. आम्हाला भिंती बदलता येणार नव्हत्या. पेटीची जागा मात्र येणार होती.

प्रथम ती आम्ही माजघरातील दिव्याच्या देवळीत ठेवली. युक्ती काव्यमय होती, पण फसली. तीन बाजूंनी दगड असलेल्या कोनाड्यातून लहर समोरच तेवढी निघे. शेवटी बैठकीचे व स्वयंपाकघराचे अशी दोन्ही दारे जेथून दिसतात, अशा जागी पुरुषभर उंचीवर एक फळी ठोकली. मांडणी व कपाट बाजूस सारले. बाहेरून येणारी काचतंतूची तार तुळईखालून, खिळ्यांनी न आवळता, सैल वळणांनी आणली. तिच्यातील प्रकाश केसाहून बारीक काचेत आतल्या आत परावर्तित होत येतो. तार काटकोनात मोडली तर तो बाहेर सांडतो.

ही सारी उठाठेव आई खाटेवरून पाहत होती. काम संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे दिवा ठेवायची जागाच शोधत होतास ना? मग इतके दिवस बैठकीत उजेड अन् माजघरात अंधार कशाला केलास रे?"

यावर आम्हाला उत्तर सुचले नाही. जे घरभर हिंडू शकतात त्यांच्या हाताशी आम्ही पेटी ठेवली होती, आणि जिला हिंडणे कठीण तिला तारेत पाय अडकवावयास लावले होते.

गेल्या रविवारी नात अर्धा तास बोलली. आमच्या मेजावर त्या वेळी लहरी अंमळ मंद येत होत्या. आम्ही खुर्ची उचलून माजघराच्या दाराशी नेली.