शिकून काय उपयोग?

न शिकलेल्या मुलास काम मिळालें नाहीं, तर लोक दैवास बोल लावतात. शिकलेल्या मुलास मिळालें नाहीं, तर शिक्षणासच लावतात. ‘शिकून काय उपयोग?’ हा प्रश्न आम्हीं ऊर्जानगरांत इतक्या निरनिराळ्या तोंडून ऐकला आहे, कीं त्याचा एकदां शांतपणें विचार करावा असें वाटतें. बाप हा प्रश्न विचारतो तेव्हां त्यांत थकवा असतो. मुलगा विचारतो तेव्हां संताप असतो. आणि ज्यांचीं स्वतःचीं मुलें मार्गीं लागलीं आहेत असे गृहस्थ विचारतात, तेव्हां त्यांत बहुधा उपदेश असतो. आम्हांस बोलावयाचें आहे तें या तिसऱ्या प्रकाराविषयीं.

आमचें ऊर्जानगर म्हणजे चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची वसाहत. केंद्राचा पहिला संच १९८३ सालीं सुरू झाला. आदल्याच वर्षीं, २६ ऑगस्ट १९८२ रोजीं, चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला होता. आज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. येथून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत वीज नेणारी ७५२ किलोमीटरांची तार १९९९ सालीं सुरू झाली. वसाहतींतलीं मुलेंही त्याच दिशेनें जातात. बारावी झाली, कीं नागपूर. पदवी झाली, कीं पुणें किंवा मुंबई. मागें राहतात तीं बहुधा आसपासच्या गांवांचीं मुलें. ज्याच्या बापाची जमीन प्रकल्पांत गेली, तो प्रकल्पग्रस्ताचा दाखला देवघरांतल्या पोथीसारखा जपून ठेवतो. दाखला कुटुंबांत एकाच्याच नांवें निघतो; भाऊ मात्र तिघे असतात.

वाघबिबट्यांचें भय असल्यामुळें इकडे अंधारांत बाहेर पडूं नये, असें सारेच बजावतात. तरीही नीट उजाडण्यापूर्वींच रस्त्यावर धावणारीं मुलें व मुली आम्हांस दिसतात. पोलीस भरतीची ही तयारी. त्यांतलीं कांहीं अर्ज तपासून घेण्यास आमच्या घरीं येतात. एकानें विचारलें, “काका, भरती बारावीवर आहे. एम. ए. झाल्याचें लिहूं कीं नको?” पांच वर्षांचे श्रम आणि आईबापांचा पैसा खर्चून मिळविलेली पदवी लपवावी कीं दाखवावी, हा प्रश्न त्या मुलाला पडावा, याहून त्या पदवीची आणखी काय विटंबना व्हावयाची?

हें एकट्या चांद्याचें दुखणें नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें २०२४ सालीं भारतांतील रोजगाराविषयीं अहवाल प्रसिद्ध केला. त्याप्रमाणें २०२२ सालीं पदवीधर तरुणांत बेकारीचें प्रमाण शेंकडा २९.१ होतें, लिहितां-वाचतां न येणाऱ्या तरुणांत तें अवघें ३.४ होतें. हे आंकडे पाहून आमचे उपदेशक गृहस्थ विजयी मुद्रेनें म्हणतील, “पाहा, न शिकलेलेच बरे!” पण या आंकड्यांचा अर्थ उलटा आहे. निरक्षर मुलगा बेकार नसतो, कारण बेकार राहणें त्याला परवडत नाहीं. तेंदूपत्ता तोडणें, मोहफुलें वेचणें, वीटभट्टीवर राबणें, जें मिळेल तें तो करतो. संध्याकाळीं चूल पेटण्यापुरतें मिळालें, कीं तो ‘रोजगारी’ गणला जातो. त्याचा आंकडा लहान दिसतो तो सुखाचा नव्हे, निरुपायाचा. पदवीधर वाट पाहतो, कारण आपण याहून कांहीं अधिक करूं शकूं असें शिक्षणानें त्याला सांगितलेलें असतें. खोटें ठरलें असेल, तर तें आश्वासन, शिक्षण नव्हे. ईजिप्त देशानें १९६० च्या दशकांत पदवीधरांस सरकारी नोकरीची हमी दिली. पुढें पदवीधर वाढले, नोकऱ्या तितक्या वाढल्या नाहींत, आणि हमीच्या जागीं वर्षानुवर्षांची प्रतीक्षा उरली.

आतां दुसरी बाजू. जे अद्याप शिक्षणापर्यंत पोंचलेच नाहींत, त्यांना ‘शिकून काय उपयोग’ असें सांगणारे आपण कोण? २०११ च्या जनगणनेंत चंद्रपूर जिल्ह्यांत साक्षरता शेंकडा ८० होती, गडचिरोलींत ७४. घरीं माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशीं पुस्तकांतली मराठी भेटते. आमच्या मुलांस ती आईच्या मांडीवर भेटलेली असते. पर्लकोटेच्या पुरानें भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आम्ही कित्येक पावसाळे वाचीत आलों. सिरोंच्याचें महाविद्यालय २०११ पर्यंत नागपूरच्या विद्यापीठास जोडलेलें होतें. त्या सालीं गोंडवाना विद्यापीठ निघालें, तरी सिरोंच्याहून गडचिरोलीही दोनशे किलोमीटरांवर आहे.

या मुलांना पुस्तकांपेक्षां हातचें काम शिकवावें, असें कित्येक सुचवितात. हा विचार आमच्या शेजारींच, वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेंत, गांधीजींनीं मांडला होता. पण तो सर्व मुलांसाठीं होता. आमच्या मुलांनीं अभियंते व्हावें आणि रानांतल्या मुलांनीं सुतार व्हावें, अशी वांटणी त्यांत नव्हती. हेमलकशास लोकबिरादरीची शाळा १९७६ सालीं सुरू झाली. तिच्या विद्यार्थ्यांतून शिक्षक, वकील व डॉक्टर निघाले. संधि मिळाल्यावर बुद्धि आपली जात सांगत बसत नाहीं.

शिक्षण आणि पोट यांची गांठ कशी पडते, हें पाहावयाचें असेल तर धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) पाहावें. तेथील गोंड ग्रामस्थांनीं अभ्यासगट चालवून वनांचे कायदे समजून घेतले. २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हातीं आला. बांबू तोच, डोंगर तोच. कायदा वाचतां आला म्हणून मजुराचा मालक झाला. ‘शिकून काय उपयोग?’ याचें याहून रोकडें उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं.

मेंढ्याचें उदाहरण प्रत्येक एम. ए. झालेल्या मुलास लागू पडेल, असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच्यासाठीं रिकाम्या जागा वेळेवर भरल्या जाव्यात, भरतीची तारीख ठरावी व पाळली जावी, आणि ज्या कोळशाच्या, लोखंडाच्या व विजेच्या उद्योगांसाठीं येथली जमीन जाते, त्यांत लागणारें कौशल्य येथल्याच औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिकवलें जावें. या मागण्या मोठ्या नाहींत. पण त्या मान्य होईपर्यंत आपण सुस्थित माणसांनीं एवढें पथ्य तरी पाळावें: आपल्या मुलांची शिकवणी चुकूं न देतां दुसऱ्याच्या मुलाला शिक्षणाची निरर्थकता पटवूं नये. धावणाऱ्या मुलांना तो उपदेश नको आहे. त्यांना जागा हवी आहे.