मे महिन्याचं आकाश निळं कधी झालं?

नागपूरच्या मे महिन्यातलं आकाश निळं नसतंच मुळी. पांढुरकं असतं, डोळ्यांत खुपणारं. पारा 45 च्या पुढे गेलेला असताना दुपारी दोनला दीक्षाभूमीसमोर उभं राहा. स्तूपाच्या पांढऱ्या घुमटाकडे डोळे किलकिले केल्याशिवाय बघताच येत नाही. मोबाईलवर बघाल तर तोच घुमट राखाडी, आणि मागे काश्मीरछाप निळं आकाश! हा सगळा एचडीआरचा, म्हणजे हाय डायनॅमिक रेंजचा प्रताप.

कॅमेऱ्याची गोची अशी, की प्रखर ऊन आणि गडद सावली त्याला एका दमात झेपत नाहीत. ऊन सांभाळावं तर सावली काळीठिक्कर, सावली सांभाळावी तर ऊन पांढरंफटक. मग कमी-जास्त उजेडाचे दोन-तीन फोटो काढायचे आणि जोडायचे. कल्पना काही नवी नाही हं. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच फोटोग्राफरने 1850 च्या दशकातच समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी निगेटिव्ह जोडून फोटो छापले होते. 2010 मध्ये आयफोनवर ही सोय आली. आता तर फोन न विचारताच हे उद्योग करतो.

माझा मामेभाऊ लग्नांचे फोटो काढतो. त्याचं-माझं यावरून जुनं भांडण. "ताई, डोळ्याले दोन्ही दिसते ना? मंग फोटोत काऊन नको?" मुद्दा बिनतोड आहे. सावलीतून उन्हात जाताना डोळा स्वतःला जुळवून घेतोच. पण त्याला त्रासही होतो, आणि तो त्रास म्हणजेच तर आमचा उन्हाळा! शिवाय या साहेबांच्या फोटोंत झाडांभोवती उजळ कडा आणि नवरीच्या शालूपेक्षा ढगच भडक. बातमीच्या फोटोत तर मला हे नकोच वाटतं. 2012 मध्ये वॉशिंग्टन पोस्टने पहिल्या पानावर असा फोटो छापला. तो जोडलेला आहे हे फोटोओळीत स्पष्ट लिहिलं होतं, तरी वाद झाला. मला ती ओळ आवडली. निदान सांगितलं तरी!

मग आला आजीचा सहस्रचंद्रदर्शन सोहळा. फ्लेक्ससाठी फोटो हवा होता. महालातल्या वाड्याच्या दारात आजी बसली, नऊवारीत, मागे उन्हाने पेटलेलं अंगण. मी एकच क्लिक केला. चेहरा सुरेख आला, अंगण मात्र गायब, नुसता पांढरा झोत. भावाने ट्रायपॉड लावला, "हलू नको बरं आजी" म्हणून दटावलं आणि तीन फोटो जोडले. त्यात एकेक सुरकुती छिन्नीने कोरल्यासारखी. मावशी उखडलीच, "आईला आजारी करून टाकलं रे!"

आजीने चष्मा लावून दोन्ही प्रिंट पाहिले. स्वतःच्या चेहऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. भावाच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "यात विहीर दिसून राहिली. तुळसही."

वाड्याचा बिल्डरशी करार झाला होता. दिवाळीनंतर तो पाडायचं ठरलं होतं. त्यामुळे पुढे कुणी काही बोललंच नाही.

फ्लेक्सवर भावाचाच फोटो गेला. सुरकुत्या तेवढ्या मऊ कर, हे मी त्याच्याकडून करून घेतलं. विहिरीला हात लावायचा नाही, ही अट आजीची.