आमिष

कोरियात याला न ओळखणारा माणूस सापडणं कठीण. अंगाने वाटोळा, वरून चॉकलेटचा कोट, आत दोन मऊ बिस्किटं आणि मधे मार्शमॅलोचा चिकट थर. नाव चोको पाय, जन्म १९७४चा, ओरायन कंपनीच्या घरातला. सैन्यातल्या पोरांचा लाडका. सीमेपलीकडे केसाँगच्या कारखान्यांत तो उत्तर कोरियाच्या कामगारांना वाटला जायचा आणि तिथून गुपचूप काळ्या बाजारात पोचायचा. आपल्या वाण्याकडेही आता त्याचे भाऊबंद असतात.

सिनेमातही त्याची ऊठबस आहे. त्याचं खरं काम पाहायचं तर २००५चा 'मॅरेथॉन' पाहावा. चोवॉन हा वीस वर्षांचा स्वमग्न मुलगा (चो सुंग-वूने ही भूमिका अक्षरशः अंगात मुरवली आहे). झेब्र्यांचं त्याला वेड. प्राण्यांच्या माहितीपटांचं निवेदन तोंडपाठ. लहानपणी तो कुणाचं ऐकेना, तेव्हा आईने चोको पाय पुढे धरला आणि पोराला डोंगर चढवला, पुढे धावायला लावलं. लाच म्हणा हवं तर. जिथे शब्द पोचत नाहीत तिथे आईने दुसरं काय करावं? आपल्याआधी एक दिवस पोर जावं, एवढंच मागणं मागणारी बाई ती.

पण लाचेवर संशय येतोच. दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा म्हणून मुलाच्या शाळेत आलेला प्रशिक्षक, एकेकाळचा नामांकित धावपटू, तिच्या नेमक्या वर्मावर बोट ठेवतो: धावायचंय कुणाला, पोराला की तुम्हाला? बाई खचते, त्याचं धावणं बंद करते. आरोपी खरं तर दोघं, ती आणि तिच्या हातातला खाऊ.

निकाल लागतो चुनचॉनच्या मॅरेथॉनमध्ये. चोवॉन तिथे आपला आपण पोचतो. अडवायला धावत आलेल्या आईला अखेर त्याचा हात सोडावा लागतो. वाटेत तो थकून बसतो, तर कुणीतरी त्याच्या हातावर चोको पाय ठेवतं. तो उठतो, पळू लागतो, आणि पळता पळता मूठ सैल होऊन खाऊ रस्त्यावर पडतो. तो वळूनही बघत नाही. दिग्दर्शक जंग युन-चल इथे एकाही पात्राला बोलू देत नाही, हे फार बरं केलं.

ही कथा बे ह्योंग-जिन या खऱ्या धावपटूवरून घेतलेली. त्याने २००१ साली चुनचॉनला ४२.१९५ किलोमीटर तीन तासांच्या आत पार केले होते. चोको पायला त्याआधी, २०००च्या 'जॉइंट सिक्युरिटी एरिया'त, याहून गाजलेला प्रसंग मिळाला होता. माझं मत मात्र 'मॅरेथॉन'लाच. 'जॉइंट सिक्युरिटी एरिया'त त्याला खाल्लं जायचं होतं. इथे टाकलं जायचं होतं, आणि ते काम जास्त अवघड.